पप्पा गावाकडं हायत

आमच्या जळकोटच्या माणसाला धाराशिव तसं परकंच. जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी दवाखाना, कपडालत्ता, लग्नाचा बस्ता, सगळं आमचं सोलापूरला. मी तर बारावीनंतर चाकणच्या एका कंपनीत लागलो, त्यामुळं धाराशिवात एस.टी. स्टँडच्या पुढं कधी गेलोच नव्हतो. बायकोच्या शिक्षक पात्रता परीक्षेचं केंद्र तिथं आलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "लेकरं मी सांभाळतो. तू निवांत पेपर दे."

आई आणि वहिनी वहिनीच्या माहेरी लग्नाला गेल्या होत्या, थोरला भाऊ रानात असणार होता. पण खरं तर मलाच हौस होती. दोन-दोन महिन्यांनी घरी यायचं, दोन दिवस राहून परत जायचं, यात लेकरं माझ्याजवळ फार अशी आलीच नव्हती. एक अख्खा दिवस ती आणि मी, एवढंच डोक्यात होतं. मुलगी पाच वर्षांची, मुलाला तिसरं सुरू.

केंद्राच्या फाटकाशी बायकोनं कपड्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी बाहेर येणार न्हाय. मला बघितलं की धाकटा सोडायचा न्हाय. दोन्ही पेपर झाल्यावरच या. आणि ध्यान ठेवा, त्याला शी आली की तो सांगत न्हाय. कडंला जाऊन गप उभा राहतो."

"व्हय व्हय, जा तू," मी म्हणालो.

सकाळ झकास गेली. एका हॉटेलात गुलाबजाम खाल्ले. मुलीनं पाक फ्रॉकवर सांडला, मी पुसला आणि मला फार भारी वाटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस कौतुकानं बघत होता असंही वाटलं. मग विचारत विचारत एका बागेत आलो. मुलगी झोक्यावर बसली, धाकटा घसरगुंडीच्या मागं लागला. तेवढ्यात कंपनीतून फोन आला. कुणीतरी रजेवर गेला होता, माझी पाळी बदलायची होती, आणि मी तावातावानं वाद घालत बसलो. बोलता बोलता मी बघितलंही, धाकटा मेंदीच्या कुंपणाशी पाठ करून उभा आहे. खेळत असेल म्हणून मी तोंड फिरवलं.

फोन ठेवला तेव्हा चड्डी भरून शी पायावर आली होती.

बागेच्या नळावर त्याला नेलं. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. अंगावर धार पडताच त्यानं टाहो फोडला, "आई पायजे! आई पायजे!" आणि माझ्या हातातून निसटून तसाच उघडा पळत सुटला. मी मागं धावलो, त्याला बखोटीला धरून उचललं. तो लाथा मारत होता. बाकावरची माणसं उठून बघायला लागली. मला काय करावं कळेना. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दात आवळून म्हणालो, "गप. आवाज केलास तर इथंच टाकून जाईन."

तो आवाज मलाच ओळखू आला नाही. मुलगी झोक्याजवळ उभी राहून रडायला लागली.

नातवाला घेऊन आलेल्या एक मावशी सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात काढा आधी त्याच्या तोंडावरचा. कुणाचं लेकरू हाय हे?"

"माझंच हाय."

"आई कुठं हाय ह्याची?"

"पेपर द्यायला गेलीय. फोन माझ्याकडंच हाय तिचा."

त्यांना ते पटलं नाही. मागं तीन-चार जण जमले होते. एका पोरसवद्या माणसानं मोबाईल माझ्यापुढं धरला होता, शूटिंग चालू. लेकरं पळवणाऱ्यांचे मेसेज तेव्हा सगळ्यांच्याच फोनवर फिरत होते. माझ्याही.

बायकोच्या फोनचं लॉक मला माहीत नव्हतं. मी घाईघाईनं माझ्या फोनमधला फोटो दाखवला. बायकोनं पाठवलेला, दोघं लेकरं बैलांजवळ उभी असलेला. मावशींनी तो नीट बघितला. "यात तुमी कुठंच न्हाय की."

दुसरा शोधायला लागलो. कंपनीतले मित्र, नवी गाडी, सिंहगडावरची सहल. लेकरांसोबतचा माझा एकही सापडेना. मी नुसतं बोट सरकवत राहिलो.

मावशी मुलीजवळ खाली बसल्या. "बाळा, हे कोण हायत? तुझे पप्पा का?"

मुलीनं डोळे पुसले. "न्हाय. हे अण्णा हायत."

"आणि पप्पा?"

"पप्पा गावाकडं हायत."

तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. घरात भावाची पोरं भावाला पप्पा म्हणतात, त्यांचं ऐकून माझीही म्हणायला लागली. मला गावातले सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मी त्यांचाही अण्णा. हे एवढं साधं होतं, पण त्या घोळक्यापुढं मला ते सांगताच येईना. तोंडातून नुसतं "तसं न्हाय हो, तसं न्हाय" निघत होतं. कुणीतरी माझ्या मनगटाला धरलं. कुणी म्हणालं, "पोलिसाला बोलवा." धाकट्याला मावशींनी माझ्या कडेवरून घेतलं, आणि तो त्यांच्याकडं गेला. लगेच गेला.

भावाला फोन करणं मी टाळत होतो. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. तो रानात होता, टॉवेल डोक्याला गुंडाळलेला. त्याचा चेहरा दिसताच दोन्ही लेकरं फोनवर झेपावली. "पप्पा! पप्पा!" धाकट्याचं रडणं जागच्या जागी थांबलं.

मावशींनी त्याला सगळं विचारलं. भाऊ हात जोडून सांगत होता, "ताई, ते लेकरांचे वडील हायत. माझा धाकटा भाऊ हाय. मी चुलता. तुमी सोडा त्याला." दोनदा सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो. ही माझी लेकरं आहेत हे लोकांना पटवून द्यायला तो लागला.

मनगट सुटलं. मावशींनी मोबाईलवाल्याला दटावून ते शूटिंग पुसायला लावलं. मग माझ्या पिशवीतून कोरडी चड्डी काढून धाकट्याला घातली. म्हणाल्या, "राग मानू नका. दिवस वाईट हायत."

"न्हाय, तुमी बरोबरच केलंत."

"एकटंच घेऊन कधी फिरला न्हाय वाटतं लेकरांना?"

"न्हाय."

त्यांनी धाकट्याला माझ्याकडं दिलं आणि नातवाला घेऊन निघाल्या.

उरलेला दिवस मी केंद्राच्या फाटकासमोर एका झाडाखाली काढला. लेकरं मातीत खेळली, मी फोन बंद करून ठेवला. बायको बाहेर आली ती हसतच, पेपर चांगले गेले होते. मुलीनं लगेच सांगितलं, "आई, अण्णाला लोकांनी धरलं हुतं." बायकोला आधी ती गंमत वाटली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं.

परतीच्या गाडीत मी सगळं सांगितलं. फक्त तोंडावर हात ठेवून काय बोललो ते गाळलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चूक माझी हाय. लेकरांना मीच सवय लावायला पायजे हुती." मी तिला नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन अंगणात आलो, तर भावानं दोन्ही लेकरांना पुढं बसवलेलं. "मला काका म्हणायचं. तुमचे पप्पा अण्णा हायत. म्हणा बघू." मुलीला तो खेळ वाटला. ती "काका, काका" करत हसत सुटली, आणि लगेच त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "पप्पा, मला पाठीवर घ्या की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. जणू माझी वस्तू त्याच्याकडं राहून गेली होती आणि ती परत कशी द्यावी हे त्याला कळत नव्हतं.

"राहू दे दादा," मी म्हणालो. "म्हणू दे त्यांना."

"तसं कसं राहू दे?"

दुपारच्या गाडीनं मला पुण्याला निघायचं होतं. मी बॅग भरायला आत गेलो.