नणंदेने पांढरे केलेले दात

माझ्या नणंदेशी मी चार वर्षं बोललेली नाही. पेडण्यात आमची दोन घरं एकाच आवारात आहेत. तिचा नवरा बोटीवर असतो म्हणून तिने माहेरच्या आवारातच घर बांधलं. विहीर एकच, तरी बोलणं नाही. लोकांना वाटतं जमिनीवरून बिनसलं असेल. बिनसलं ते दातांवरून.

मी मूळची शिरगावची. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. माझे दात लहानपणापासून पिवळसर, पण घट्ट. ऊस दातांनी सोलून खायचे. लग्न होऊन पेडण्याला आले, आणि पहिल्याच आठवड्यात जेवताना नणंद म्हणाली, "हिच्या दातांवर अजून खाण चालूच आहे." सगळे हसले. माझा नवराही हसला. ती म्हणाली त्यापेक्षा हा हसला ते मला जास्त लागलं.

नणंदेचं ब्युटी पार्लर घराच्या पुढच्या खोलीत आहे. धाकट्या दिराचं लग्न ठरलं त्या सुमारास ती कुठून तरी दोन दिवसांचा कोर्स करून आली आणि दात पांढरे करायची पेटी घेऊन आली. निळा दिवा, जेलच्या सिरिंजा आणि भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. मला म्हणाली, "फोटोत तू एकटी वेगळी दिसशील गो. ये, बस. तुझ्याकडून काय घेणार नाही मी."

मी बसले. जबरदस्ती कोणी केली नाही. मलाही पांढरे दात हवे होते.

तिने ओठांना चिमटा लावला, दातांवर जेल फासलं आणि दिवा लावून मोबाइल बघत बसली. थोड्या वेळाने दातांत कळा यायला लागल्या. मी हात हलवला. "सुरसुरतंय म्हणजे काम होतंय," ती म्हणाली. खोलीतून बाहेर पडले तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तीन दिवसांनी तिने पुन्हा बसवलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा, आणि त्या वेळी मुद्दाम जास्त वेळ ठेवलं. लग्नात दात चमकले. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आता जरा माणसांत शोभते." मी हसले. त्या हसण्याचे फोटो अजून घरात आहेत.

पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याने चूळ भरली, तर पुढच्या दातापासून कानापर्यंत तार ओढल्यासारखं झालं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात मोठ्याने वाचताना दोन वाक्यांच्या मधे श्वास घेतला की दातांना हवा झोंबायची. मुलांना उतारे लिहायला देऊन मी तोंड मिटून बसायला लागले. नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझे दातच पोकळ. खाणीचं पाणी पिऊन वाढलेली तू. बाकी कुणाला कसं काही झालं नाही?"

महिनाभर सोसलं. मग माहेरी जायचं निमित्त काढून डिचोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दात वाऱ्याने कोरडे केले आणि हातात आरसा दिला. चमक कुठेच नव्हती. खडूसारखे निस्तेज डाग होते.

"कुठलं औषध लावलं? किती वेळ?"

"माहीत नाही."

"तुम्ही शिक्षिका ना? सिरिंजवर काय लिहिलंय ते वाचायला नको?"

मला त्यांचाही राग आला. पण पुढचं त्यांनी नीट समजावलं. दात तपासून, ठरलेल्या मापाने हे केलं तर बहुतेकांना चार दिवस सुरसुरतं आणि थांबतं. माझ्या एका दाताला आधीपासून चीर होती, हिरडीपाशी मुळं उघडी पडली होती. तिथून औषध आत गेलं. शिवाय ते जेल आंबट असावं, आणि आंबट वस्तू एवढा वेळ ठेवली की दाताचं वरचं कवच, एनॅमल, खरवडल्यासारखं होतं.

"परत येईल ना ते?"

"थोडंफार घट्ट होईल. गेलेलं परत येत नाही. नख वाढतं तसं हे वाढत नाही."

औषधी पेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन मी घरी आले. तशीच नणंदेकडे गेले आणि जेलचं खोकं मागितलं. काय होतं त्यात, ते डॉक्टरना सांगायचं होतं.

"माझी पेटी तपासणारी तू कोण?" म्हणत तिने दार लोटलं.

सासूबाई म्हणाल्या, "घरातलं भांडण रस्त्यावर नको." नवरा म्हणाला, "दिसायला तर चांगले झालेत की." त्या रात्री मी त्याला वाढलं, पण माझं ताट घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. तेरेखोलच्या बाजूची एक मुलगी आईबरोबर पार्लरमध्ये शिरली. लग्न जवळ आलेलं असावं. उघड्या दारातून निळा दिवा दिसला. मी कपडे दोरीवर तसेच ठेवून आत गेले.

"हे लावू नकोस," मी त्या मुलीला सांगितलं. "आधी दातांच्या डॉक्टरला दाखव. हे माझे दात बघ." मी ओठ वर करून दाखवले.

मुलगी नणंदेकडे बघायला लागली. तिच्या आईने विचारलं, "तुम्ही कोण?"

"हिची भावजय."

आईने मुलीचा हात धरून तिला उठवलं. दोघी गेल्या. नणंद म्हणाली, "माझ्या पोटावर पाय दिलास तू."

"खोकं दाखवलं असतंस तर मी आत आले नसते," मी म्हटलं. त्यानंतर आमच्यात शब्द नाही.

नवरा माफी माग म्हणून आठवडाभर मागे लागला. मी मागितली नाही. बाजारात गोष्ट पसरली आणि काही महिन्यांनी तो दिवा खोलीतून गेला. विकला की फेकला, मी विचारलं नाही.

कळा कमी व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. चिरलेल्या दातावर डॉक्टरीणबाईंनी लेप लावला. सोलकढी मी अजून जपूनच पिते. पिवळेपणा परत आला, पहिल्यापेक्षा थोडा गडदच, कारण वरचा थर पातळ झाला की आतला रंग दिसतो. नणंदेबद्दल मला दया येत नाही, आणि आपण चुकलो असंही वाटत नाही.

दर वर्षी गणपतीच्या चवथीला सासूबाई म्हणतात, "सणाला तरी एक शब्द बोल तिच्याशी." मी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट भरते आणि नवऱ्याच्या हाती पाठवते. ताट धुऊन परत येतं, रिकामं.