नागपूरचा भाचा

नागपूरला मला भाचा नाही. कुठेच नाही. मला बहीणच नाही — भाचा येणार कुठून? पण अकोल्यात दोन माणसं अशी होती, ज्यांच्या लेखी माझा एक भाचा नागपूरला नोकरी करत होता आणि सुट्टीच्या दिवशी तिकडच्या नदीवर मासे धरत होता. त्या दोघांपैकी एक गेला. दुसरी अजून त्याची विचारपूस करते. हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही, मुलीजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. जरा आडवळणाने येईन — सरळ यायला जमत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. मुलगी पुण्यात. दिवसभर मोबाईल पाहत बसायचो. त्यात एकदा परदेशातल्या कुठल्याशा ओढ्यात उभा असलेला एक माणूस दिसला. हवेत लांब दोरी नाचवत होता आणि टोकाची पिसांची माशी अलगद पाण्यावर ठेवत होता. जन्मात कधी गळ हातात धरला नव्हता मी. पण ती दोरीची रेषा — चित्रकलेच्या माणसाला दुसरं काय लागतं? मुलीला सांगून फ्लाय फिशिंगचा रॉड मागवला आणि सकाळी शाळेच्या मैदानावर गवतातच दोरी फेकायला लागलो. फिरायला येणारे विचारायचे, ‘काय मास्तर, पतंग उडवून राहिले का?’

महिन्याभरात रॉडची दोरी गुंडाळणारी रील अडकली. दुरुस्तीला कुठे न्यावी? कुणीतरी देविदासचं दुकान सांगितलं. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की तांब्याची तार गुंडाळून पुन्हा भरून देणारा माणूस. त्याने रील उघडली, साफ केली, लावून दिली. मग टोकाला बांधलेली विकतची माशी बोटावर घेऊन पाहिली.

‘हे कोणत्या मुलखातली हाये मास्तर? आपल्या मास्यानं हे कधी पाह्यली नसन.’

लहानपण त्याचं पूर्णेच्या काठावर गेलेलं. पुढच्या रविवारी स्कूटरवर आम्ही दोघं पातूरकडे गेलो. डोंगरातून उतरणाऱ्या नदीचा एक डोह आहे तिथे, उन्हाळ्यातही पाणी राहतं. मी दोरी फेकत होतो. देविदास मासे पाहतच नव्हता. त्याने पाण्यातले चार दगड उलटे केले, खालच्या अळ्या पाहिल्या. मग काठच्या झुडपातलं कोळ्याचं जाळं पाहत उभा राहिला.

‘आधी जाळं पाह्यत जा,’ म्हणाला. ‘जे जाळ्यात गुतलं, तेच मासा खाऊन राहिला.’

त्या आठवड्यात त्याने पहिली माशी बांधली. कोंबडीवाल्याकडून आणलेली कोंबड्याच्या मानेची पिसं, मोटारीतली केसासारखी बारीक तांब्याची तार, बकरीचे चार केस. दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघालं की धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, नाकतोडे पाण्यात पडतात, तेव्हा हिरवट नाकतोडा. थंडीत संध्याकाळी बारीक काळी चिलटं उठतात, तेव्हा तिळाएवढी काळी. पाणी गढूळ असलं तर मोठी आणि गडद, निवळ असलं तर लहान. हे सगळं मला त्याने शिकवलं. माझा मोबाईल हे कधीच शिकवू शकला नसता, त्याला आमची नदी कुठे ठाऊक होती?

दोन हिवाळे असे गेले. मासे मिळायचे, परत सोडून द्यायचो. शांतावहिनी, त्याची बायको, भाकरी-ठेचा बांधून द्यायची. पत्नी गेल्यानंतर कुणीतरी माझ्यासाठी डबा बांधत होतं. हे मी तेव्हा मोजलं नाही.

मग त्याचा हात कापायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी कंपवात सांगितलं. दुकान बंद झालं. नदीवर मात्र यायचाच. दोरी फेकायला गेला की ती त्याच्याच टोपीत अडकायची. गाठ मारून द्यायला मला थांबावं लागायचं, चढावर हात द्यावा लागायचा. एकदा शेवाळावरून पाय घसरला आणि कंबरभर पाण्यात बसला. मी ओढून काढला. पाण्यात बसल्या बसल्या हसत होता तो. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, ‘जपून नेत जा जी मास्तर.’ नेऊ नका असं म्हणाली नाही. हे लक्षात ठेवा — मी ठेवलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर त्याने विचारलं, ‘कधी निघाचं?’

मी म्हणालो, डोह बुजला. पुरात गाळ येऊन भरला, मासे खाली निघून गेले. मी पाहून आलो. आता रॉड बांधून ठेवला.

डोह जागेवर होता. आदल्याच दिवशी मी तिथे चार मासे धरले होते.

का बोललो असं? त्याच्या जिवाची काळजी — मी स्वतःलाही कितीतरी दिवस हेच सांगत आलो. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला काळजी नव्हती. मला कंटाळा आला होता. त्याच्या गाठी मारण्याचा, त्याच्यासाठी थांबण्याचा, काठावरची गुराखी माणसं आमच्याकडे पाहून हसायची त्याचा. आणि आणखी एक. हात कापत असतानाही कोणती माशी लावायची हे त्यालाच कळायचं, मला नाही. मला तो डोह एकट्याला हवा होता.

देविदास म्हणाला, ‘चाला. नदीचं बी वय होते.’

एकट्याने गेलो. दिवाळीपर्यंत त्याने बांधलेल्या माश्या पुरल्या. काही दगडांत तुटल्या, काही झाडांत अडकल्या. विकतच्या मागवल्या, त्यांच्याकडे मासा पाहीना. स्वतः बांधल्या, त्या पाण्यात सुटून विस्कटल्या. तीन रविवार रिकामा आलो. चौथ्या आठवड्यात त्याच्या ओसरीत जाऊन बसलो आणि चहा पिता पिता मला भाचा झाला. नागपूरला असतो, म्हणालो. त्यालाही हा नाद लागलाय. तुम्ही दोन-चार बांधून द्याल का?

त्याचा चेहरा असा खुलला की मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

‘तिकडची नदी कशी हाये? दगड की रेती? जाळ्यात काय गुतते?’ मी पातूरचंच वर्णन केलं. दगड सांगितले, झुडपं सांगितली, चिलटं सांगितली. ‘हे तं आपल्या डोहावानीच झालं,’ तो म्हणाला. मी म्हणालो, नद्या इथूनतिथून सारख्याच. त्याने मान हलवली.

त्यानंतर सव्वा वर्ष तो माझ्या भाच्यासाठी माश्या बांधत होता. कसा? गळ शिकंज्यात घट्ट बसवायचा. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचं. तारेचा एक वेढा घालायचा, थांबायचं. वहिनी पीस धरायची. पूर्वी घटकाभरात होणाऱ्या माशीला आता तीन दिवस लागत. वहिनी म्हणायची, ‘यायच्या हाताले काम भेटलं मास्तर, बरं झालं.’ प्रत्येक माशीबरोबर निरोप असायचा. संध्याकाळी काळी लाव म्हणावं. घाई करू नको म्हणावं. आणि पुढच्या वेळी ओसरीत गेलो की पहिला प्रश्न, ‘पोराले भेटला का मासा?’

मी माझेच मासे त्याच्या नावावर सांगायचो. एकदा मोठी मरळ लागली, नाकतोड्यावर, हातभर लांब. तिचा फोटो दाखवल्याशिवाय राहवलं नाही. फोटोतला माझा चेहरा कापून टाकला, हात राहिला. देविदासने मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

‘हात पाहा शांते,’ तो म्हणाला. ‘पोरगा मामावर गेला.’

त्याला सगळं कळलं होतं आणि तो माझं मन राखत होता — असं इथे लिहिता आलं असतं. मला ते बरं वाटलं असतं. पण खरं नाही ते. त्याला काहीच कळलं नव्हतं. माझा शब्द उलटून पाहावा असं त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

शेवटच्या हिवाळ्यात एका दुपारी त्याने विचारलं, ‘भाच्याकडं मले एक डाव नेता काय? मी गळ नाही टाकत. काठावर बसतो नुसता. पोरगा कसा फेकते ते पाह्यतो.’

मी म्हणालो, त्याला सुट्टी नसते. लांब पडतं. तुम्हाला झेपायचं नाही.

‘बरं,’ म्हणाला.

पातूर तासाभरावर आहे. रिक्षाने नेता आला असता, खुर्ची टाकून सावलीत बसवता आला असता. एक दिवस. मी दुसऱ्या सकाळी एकटा गेलो.

माघात तो गेला. झोपेतच. तेरवीला त्यांची चांदूर रेल्वे या गावी दिलेली मुलगी आलेली होती, मांडवात माणसं जेवत होती. वहिनीने मला आतल्या खोलीत बोलावलं.

‘भाच्याले कळवलं ना?’

‘हो.’

‘यायनं त्याची लय आठवण काढली. त्याले फोन लावून द्या जी, मले दोन शब्द बोलाचे हायेत.’

मी मोबाईल काढला. कानाला लावला. अंगणात जाऊन नुसताच उभा राहिलो, माणसांकडे पाठ करून. परत येऊन सांगितलं — लागत नाही, बाहेरगावी असेल. ती म्हणाली, ‘बरं. तो येईन तवा जेवाले घेऊन या.’

मुलगी चांदूरला परतली. वहिनी त्या घरात एकटी आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी एकटा आहे. जाऊन बसावं, चहा घ्यावा, एवढंच तर होतं. मी तिच्या दारावरून जायचं टाळतो. दूध आणायलाही मागच्या गल्लीने जातो.

नदीवर मात्र जातो. डबीत त्याच्या सात माश्या उरल्या आहेत. त्यातली एक गेल्या रविवारी वापरली.

परवा भाजीबाजारात वांगी निवडताना ती शेजारीच उभी होती. मला आधी दिसली असती तर मी वळलो असतो.

‘भाचा बरा हाये ना मास्तर?’

‘बदली झाली त्याची,’ मी म्हणालो. ‘लांब गेला.’

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘तिकडं नदी हाये काय?’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘मंग ठीक हाये,’ ती म्हणाली आणि वांगी तोलून द्यायला सांगितली.