तार छेडायला एक माणूस

हिवाळ्यात बऱ्याच दिवसांनी गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवरची धूळ तापते, आणि त्या करपट वासाने मला साक्रीतली माझी भाड्याची खोली आठवते. नोकरीने तिथे नेऊन टाकलं होतं. ओळखीचं कुणी नव्हतं, संध्याकाळी सोबतीला फक्त गिटार. एके दिवशी वाजवता वाजवता आवाज गायब व्हायला लागला, मध्येच परत यायचा. असला लपाछपीचा बिघाड एकट्याने सापडत नाही. एकाने तार छेडत राहायचं, दुसऱ्याने लाकडी काडीने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकून बघायचा. शेवटी खाली एकट्याच राहणाऱ्या घरमालकीण अक्कांना बोलावलं. भुईमुगाच्या शेंगा फोडून खरखरीत झालेल्या बोटाने त्या पलंगावर बसून एकच तार छेडत राहिल्या, मन लावून, देवापुढे घंटा वाजवावी तशी. कडेच्या व्हॉल्व्हला काडी लागली आणि आवाज गेला. सगळं बंद करून, तो निवल्यावर मी त्याच्या काळवंडलेल्या पिना घासल्या, पुन्हा घट्ट बसवला, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का पदराला हात पुसत दारात उभ्या. "भाऊ, आज आवाज गया नही का?" "नाही अक्का, आता कधीच जाणार नाही," मी ऐटीत म्हणालो. "बरं शे मंग," म्हणत त्या जिना उतरून गेल्या. आता इथे जळगावात आवाज पुन्हा जायला लागलाय. हातात काडी घेऊन मी अ‍ॅम्प्लिफायरमागे बसलोय, आणि गिटार पलंगावर नुसती पडलीय.