मशिदीची मागची खिडकी

अब्बांनी कुठल्याच पाहुण्याला कधी दारातून निरोप दिला नाही. माणूस एसटीत बसून ती पनवेल स्टँडच्या फाटकाबाहेर वळेपर्यंत ते तिथेच उभे राहत. घरी ताट निवत पडे. अम्मी म्हणायची, "पाहुण्याला पोचवायला जाता की त्याच्या घरी राहायला?"

रमजानच्या शेवटी त्यांच्या पाहुणचाराला उधाण येई. तेव्हा काही जण एतिकाफला बसतात, म्हणजे मशिदीतच राहून इबादत करतात आणि ईदचा चाँद दिसेपर्यंत उंबरठा ओलांडत नाहीत. उरणकडचे एक म्हातारेबुवा दरवर्षी आमच्या मशिदीत बसायला येत. अब्बा त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेत, कोपऱ्यात चादर बांधून त्यांना आडोसा करून देत, आणि मग शेजारीच स्वतःची गादी टाकत. चाँद दिसला की त्यांना हार घालून स्टँडपर्यंत पोचवत.

माझ्या पहिल्या नोकरीचं कतारचं तिकीट नेमकं त्याच दिवसांत आलं. अब्बा एतिकाफमध्ये होते. मशिदीत एक जण तरी बसलेला असलाच पाहिजे, नाहीतर दोष सगळ्या मोहल्ल्याच्या माथी, असा आमच्यात दंडक आहे. अब्बांनी तोड काढली होती. "म्हातारेबुवा आहेत ना बसलेले. मी उठून येतो स्टँडवर. माझी भरपाई मी नंतर करीन."

जायच्या दिवशी सकाळी म्हातारेबुवा तापाने फणफणले. त्यांचा मुलगा येऊन त्यांना घरी घेऊन गेला. अब्बा एकटे उरले.

मी मशिदीच्या दारात गेलो. त्यांनी आतूनच माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला राग आला होता, खरं सांगतो, म्हाताऱ्याच्या तापाचासुद्धा राग आला होता. सगळ्या जगाला पोचवणारा माझा बाप मलाच पोचवणार नव्हता. त्यांनी माझा चेहरा ओळखला.

"रिक्षा मागच्या गल्लीतून ने. मी खिडकीत उभा राहतो. हात बाहेर काढला तर चालतो."

हायवेचा ट्रॅफिक चुकवायला निघालेला एक कंटेनर त्या गल्लीच्या तोंडाशी अडकून बसला होता. पुढे जायला वाट नव्हती, मागे हॉर्नचा कल्ला. रिक्षावाला म्हणाला, "इथं थांबलो तर तुमची मुंबईची गाडी गेली समजा." त्याने रिक्षा वळवली. अब्बांनी फोन घरीच ठेवला होता. अम्मी नंतर म्हणाली, दुपार कलल्यावर असरची अजान होईपर्यंत ते खिडकीतून हात काढून उभे होते.

पुढे पहिल्या रजेवर आलो तेव्हा म्हातारेबुवा मला भेटायला मुद्दाम आले. अम्मीने सांदणं केली होती. गप्पा रंगल्या, बुवा दोनदा हसता हसता खोकले. निघायला उठले तसा मी अब्बांकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत.

"तू जा पोचवायला," ते मला म्हणाले.

"गुडघे दुखतात का अब्बा?"

"गुडघ्यांना काय झालंय? स्वतःच्या पोराला पोचवता आलं नाही. आता लोकांना पोचवून काय करू?"

म्हातारेबुवा दारात वाकून चप्पल घालत होते. त्यांनी ते ऐकलं. अब्बांनाही कळलं की त्यांनी ऐकलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घेणार?

वाटेत मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दुसऱ्या हातात धरली. स्टँड येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "कंबख्त ताप, एक दिवस उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं?" तुमचा काही दोष नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्याही मनात कधीकाळी तोच राग होता, म्हणून की काय, जीभ उचलली नाही. एसटी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी अब्बांसारखाच उभा राहिलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रमजानला मी परत कतारला होतो. अम्मी फोनवर म्हणाली, अब्बांनी मशिदीतल्या कोपऱ्यात नेहमीसारखी चादर बांधून ठेवली होती आणि बसायच्या दिवशी मगरिबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत, दाराकडे डोळे लावून बसले होते. म्हातारेबुवा आले नाहीत. चाँद दिसला तेव्हा ती चादर अब्बांनी स्वतःच सोडली.