आईच्या चढण्याला दहापैकी आठ

गाडी तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अकोल्याचा दादा वकील आहे. तो म्हणाला, "तू पाहून सांग. तुह्या शब्दावर घेऊ." गाडी दोघांनी मिळून घ्यायची आणि अमरावतीत माझ्याकडे ठेवायची, असं ठरलं होतं. आई राजापेठला माझ्याजवळ असते. दर महिन्याला तिला अकोल्याला मावशीकडे न्यावं लागतं, कारण मावशी अंथरुणावर आहे. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढतात आणि निघताना रडतात.

गाडी प्लग-इन हायब्रीड एसयूव्ही होती. घरी चार्ज करायची, गावात बॅटरीवर चालवायची, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. आवाज अजिबात नाही, असं जाहिरातीत होतं. शोरूमवाल्यांनी एक दिवस वापरायला दिली. प्रॅक्टिकलच्या वहीत असतो तसा मी तक्ता आखला. चार्जिंग : गिझरसारखा मोठा प्लग पार्किंगमध्ये बसवला की काम झालं, नऊ गुण. राजापेठच्या गर्दीत तासभर थांबत-चालत फिरवली, पेट्रोलला हात लागला नाही, साडेनऊ. मग लांबची चाचणी म्हणून चांदूर बाजार गावी जाऊन आलो. येताना बॅटरी संपली आणि इंजिन लागलं, पण झटका बसला नाही, नऊ. डिकी उथळ, कारण खाली बॅटरी. सात.

शेवटची ओळ होती, आईचं चढणं. बॅटरीमुळे गाडीचा तळही उंच. जुन्या बुटक्या गाडीत आई आधी बूड टेकायची, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायची. हिच्यात आधी पाय उचलावा लागतो. आईचा गुडघा तेवढा उचलत नाही.

"हे तं माडीच हाये," आई म्हणाली.

बायकोनं देवघरातला पाट आणून खाली ठेवला. ती आतून हात धरून ओढत होती, मी मागून लोटत होतो. तिसऱ्या खेपेला आई आत गेली.

"पोतं बी असं नाई चढवत कोनी," ती म्हणाली.

शेजारी पाहत होते. मी हसलो आणि तक्त्यात आठ गुण लिहिले.

उत्तर आधी ठरवून रीडिंग जुळवणाऱ्या पोरांना मी पंचवीस वर्षं वर्गाबाहेर काढत आलो आहे. मला ती गाडी हवी होती. दुसरं कारण नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

दादानं फोनवर एकच गोष्ट विचारली. "आईले जमते ना चढाले?"

"हाव. आरामात."

पाटाचं मी बोललो नाही.

जुनी गाडी देऊन नवी घेतली. पहिल्या महिन्यात आई एकदा पाटावरून चढून अकोल्याला आली. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, पुढच्या बारीले. मग पापड निघाले, मग एकादशी आली, मग उन्हाचं निमित्त झालं. फोनवर मावशीचा आवाज मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. "ये ना व बाई." आई म्हणायची, "मले का कमी कामं हायेत?" घरात तिला काहीही काम नाही. हे मला ठाऊक होतं, आणि मी रोज गाडी चार्जिंगला लावत होतो.

शेवटी एका रविवारी दादाच आला. चपला काढायच्या आधी म्हणाला, "आई काहून येत नाई? मावशी रोज इचारून राहिली. आता तिचं काई खरं नाई."

आई समोर भाजी निवडत होती. मी सांगून टाकलं. पाट, ओढणं, लोटणं, आठ गुण.

दादा माझ्याकडे वळला. "मास्तर ना रे तू?"

"त्याले काहून बोलून राहिला?" आई म्हणाली. "मले इचारलं असतं तं मी बी हावच म्हटलं असतं. त्या दिवशी पाह्यलं नाई तू त्याचं तोंड. सातवीत पयला आला होता, तवा बी एवढा खुश नोता."

दादानं ओरडलेलं परवडलं असतं.

आईनं भाजीची परडी बाजूला सारली. "आता बोलतच बसता का मले नेता?"

दादाची गाडी जुनी आणि बुटकी. आई टेकली, पाय आत घेतले, दार स्वतःच ओढून लावलं. मी मागून माझ्या गाडीनं एकटा निघालो. मूर्तिजापूरपर्यंत पुढच्या काचेतून आईचं डोकं हलताना दिसत होतं. ती दादाशी एकसारखी बोलत होती. माझ्या गाडीत कसलाच आवाज नव्हता. तेवढी जाहिरात खरी आहे.