दोघींच्या दोन शाळा

मागच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरी शाळेकडून दोन पाकिटं आली. एक रेवाच्या नावाचं, एक गार्गीच्या. या आमच्या जुळ्या मुली, तेव्हा पाचवीत होत्या.

दोघींनी गिफ्टेड प्रोग्रॅमची, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गाची, टेस्ट दिली होती. रेवाची निवड झाली, गार्गी थोडक्यात राहिली. अंगातलं जॅकेटही न काढता मी दोन्ही पत्रं दोन-दोनदा वाचली... आणि खरं सांगते, आनंद व्हायच्या आधी काळजीच वाटली.

कारण गिफ्टेडचा वर्ग आमच्या भागातल्या मिडल स्कूलमध्ये नव्हताच. त्यासाठी रेवाला सहावीपासून दुसऱ्या शाळेत जावं लागणार होतं, स्कूल बसने पाऊण तास. घराजवळच्या शाळेत एन्रिचमेंटचा वर्ग होता, म्हणजे अभ्यास जरा पुढचा, एवढंच. पण तिथे दोघींनाही जागा मिळत होती.

माझा नवरा सुहास, त्याचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं. "मिळतंय तर सोडायचं कशाला?" मी नागपूरला आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "जन्मापासून एकत्र आहेत गं त्या. नको वेगळ्या करूस." मला बहुतेक तेच ऐकायचं होतं...

रेवाला विचारलं, तर तिने खांदे उडवले. "व्हॉटएव्हर गार्गी वॉन्ट्स." गार्गीला मात्र मी विचारलंच नाही. जिची निवड झाली नाही तिला आणखी काय विचारायचं? तिच्यासमोर आम्ही तो विषयच काढत नव्हतो.

तीन आठवडे वाद घालून शेवटी सुहास दमला. "तूच ठरव," म्हणाला. फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा होता. शुक्रवारी मी 'जागा नको' या चौकोनात खूण केली, सही केली आणि फॉर्म पर्समध्ये ठेवून दिला.

शनिवारी सकाळी कम्युनिटी सेंटरला मुलींचं स्विमिंग असायचं. गार्गीला सर्दी होती, त्यामुळे रेवा एकटीच पाण्यात उतरली आणि गार्गी माझ्या शेजारी बाकावर बसली. टिश्यू शोधायला तिने माझ्या पर्समध्ये हात घातला... आणि फॉर्मच बाहेर आला.

तिने तो शेवटपर्यंत वाचला. मी पटकन काढून घ्यायला हवा होता.

"हे माझ्यामुळे?" तिने विचारलं. ती इंग्लिशमध्येच बोलत होती, मला मात्र ते सगळं मराठीतच आठवतंय.

"तुला एकटं वाटू नये म्हणून गं," मी म्हटलं.

ती काचेपलीकडच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आई, वर्गात मला उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. रेवाचा असतोच ना वर. टीचरपण आधी तिच्याकडेच बघतात."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, दोघी करा वर."

मी अगदी हेच म्हटलं असतं...

"जाऊ दे ना तिला," ती म्हणाली. "टेस्टचं मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. पण ते वेगळं आणि हे वेगळं." एवढं बोलून तिने नाक पुसलं आणि फॉर्म नीट घडी घालून परत पर्समध्ये ठेवला. दहा वर्षांची पोर!

घरी आल्यावर आम्ही रेवाला एकटीला घेऊन बसलो. सुहासने विचारलं, "गार्गीचं राहू दे. तुला काय हवंय?" ती रडायलाच लागली. तिला जायचं होतं, ओपन हाउसच्या दिवशी ती शाळा बघून आल्यापासून जायचं होतं. पण तसं म्हटलं तर गार्गीला लागेल, म्हणून बोलत नव्हती.

म्हणजे घरातले सगळेच गार्गीला जपत होते. तिला विचारावं, असं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी शाळेच्या ऑफिसमध्ये जाऊन मी नवा फॉर्म मागितला. सेक्रेटरीने काहीच न विचारता तो दिला. त्या बाईंचे मी मनात फार आभार मानले...

सप्टेंबर सोपा गेला, असं नाही. रेवाला पहिल्याच मॅथ क्विझमध्ये आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क मिळाले आणि दोन दिवस ती धड जेवली नाही. गार्गी पहिला आठवडा लंचला एकटीच बसली. डबा परत यायचा तो अर्धा भरलेला, आणि मला रोज वाटायचं, चुकलंच आपलं. मग हळूहळू दोघींचं बस्तान बसलं. रेवाला तिच्याइतकेच प्रश्न विचारणाऱ्या दोन मैत्रिणी मिळाल्या आहेत.

आणि परवा... मी ऑफिसमधून लवकर आले होते. रेवाची बस यायला अजून अवकाश होता. गार्गी चालत घरी आली, बॅग टाकली, किचनच्या काउंटरवर चढून बसली आणि बोलायला लागली. लॉकर कसं उघडेना, फ्रेंचच्या तासाला ती भलताच शब्द कशी बोलली, सगळा वर्ग कसा हसला आणि शेवटी तिलाही कसं हसू आवरेना...

मी पोळ्या करत ऐकत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं, आजवर शाळेतून आल्यावर दिवस सांगायची ती रेवा. दोघींचाही. गार्गी मध्ये मध्ये फक्त "येस, येस" करायची.

तिचा अख्खा दिवस तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी स्टोव्ह बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

किती छान सांगते ही मुलगी... मला माहीतच नव्हतं.