ट्रॅक्टरनं हाळी ऐकली

भुतंखेतं मी मानत न्हाई. मसणवट्यातनं एकटा पाणी पाजायला जाणारा माणूस हाय मी! शाळा म्हणाल तर मराठी दुसरी... पर डोकं ठिकाणावर हाय. तरी लिहितो, कारण घडलं ते माझ्याच हातात.

कोल्हापूर संस्थान हुतं तवाची, महाराजांच्या राज्यातली गोष्ट. कोल्हापुराजवळ, पंचगंगेच्या मळीत, काठच्या गाळाच्या जमिनीत आमचं रान. मी ट्रॅक्टर घेतला — आसपास पहिलाच! लोखंडी चाकं, पोटात रॉकेल, हँडल मारलं की धडधडाट, आणि गाव गोळा! थोरला दादा मात्र तोंड फिरवायचा. "त्या डब्याला शेण पडतंय व्हय रं?"

एक दिवस मी नांगरायला लागलो, तर दादानं मुद्दाम त्याच रानात बैलं आणली. "बघू की, कुणाच्या नांगराचं तास सरळ जातंय!" मीही पेटलो. भर दुपार, बांधावर ही गर्दी...

मधीच बैलाच्या मानेखालची जुपणीची दोरी सुटली. दादा माझ्या वाटेतच वाकून बांधत बसला. पाठ माझ्याकडं! भाऊ थांबंल, हा भरवसा. मी क्लच दाबला — पॅडल लुळं! आतली सळी तुटलेली. चाक तासात, वळंना. इंजिन बंद करायचं सुचंचना. आणि मी काय केलं? स्टेअरिंग सोडलं, दोन्ही हातांनी नसलेला कासरा मागं खेचला आणि बोंबललो, "हो रंऽऽ, हो!" बैलाला घालतात तशी हाळी!

आणि थांबला की!

इंजिन चालू, गिअर पडलेला, पर चाकं जागच्या जागी... दादाच्या पाठीपासून हातभर. माझं खांदं उखडतील अशी ओढ लागलेली. "दादा, ऊठ! सुटंल ह्यो!" दादा बैलांसकट बाजूला झाला, माझं हात गळालं... आणि ट्रॅक्टर हिसका मारून सुटला, दादा बसला हुता तिथली ढेकळं चिरडत बांधात घुसला.

शहरातला मेकॅनिक म्हणाला, "क्लच तुटल्यावर हा थांबणार नाही. तुम्हाला भास झाला."

"अवो पावणं, भास सगळ्या गावाला झाला व्हय?"

त्यानं पाना उचलला नि सळी सोडवायला लागला.

दुरुस्तीनंतर चोरून कितीदा हाळी घातली. ढिम्म ऐकत न्हाई.

दादा नातवंडं खेळवून गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, "तू थांबवलास रं." केलेल्या कामाचं नाव दुसऱ्याला देणारा मी न्हवं... पर सांगतो, मी थांबवला न्हाई. कुणी थांबवला, ते आजबी ठाऊक न्हाई.